आधी महिना बघा, मग मुळं

नवीन झाड घरी आणलं की त्याच संध्याकाळी त्याची कुंडी बदलू नये. नियम एवढाच आहे. पण त्याला अपवाद आहेत आणि नागपुरात ते नियमाइतकेच कामाला येतात, म्हणून पुढची यादी जरा लांबली आहे.

‘दोन-तीन आठवडे थांबा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला बरोबरच आहे, फक्त तो देणाऱ्याने विदर्भातला मे महिना पाहिलेला नसतो. १० एप्रिलला आणलेलं झाड शहाण्यासारखं तीन आठवडे तसंच ठेवलं आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टी गाठून १ मेला मोठ्या कुंडीत लावलं, तर थांबून मिळवलं काय? प्रताप नगर, गोपाल नगर, त्रिमूर्ती नगर, स्वावलंबी नगर या पट्ट्यात प्लॉटवरची जुनी घरं जाऊन फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. अंगणातली जास्वंद आणि पारिजातक गेले, गॅलरीत झीझी, स्नेक प्लांट आणि अरेका पाम आले. ही मंडळी आपल्या हवेत जन्मलेली नाहीत. त्यांची कुंडी कधी बदलायची हे आधी महिन्याने ठरवावं, मग मुळांनी. दुकानदाराचं मत सगळ्यात शेवटी.

आणल्या दिवशी

करा: नवं झाड घरातल्या बाकी झाडांपासून निदान पंधरा दिवस लांब ठेवा. पानांची मागची बाजू, देठांच्या बगला आणि कुंडीच्या तळाची भोकं उजेडात धरून बघा. बगलेत कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं असेल तर तो पिठ्या ढेकूण. पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे कोळिष्टकासारखं विरळ जाळं दिसलं तर लाल कोळी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी एका झाडावरून दुसऱ्यावर जायला फार दिवस घेत नाही.

करा: भेट आलेल्या झाडाचा चकचकीत कागद, रिबन, प्लास्टिकचं वेष्टन काढून टाका. पाणी त्यातच साचतं आणि वरून कळत नाही.

करा: मातीवर मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळसर किंवा हिरवट गोल दाणे दिसले तर ते तसेच राहू द्या. गोगलगायीची अंडी समजून लोक ते वेचून फेकतात. ते हळूहळू विरघळणारं खत असतं, नर्सरीवाल्याने आधीच घातलेलं. ते दिसलं म्हणजे पुढचे काही महिने तुमच्या खताची गरज नाही.

टाळा: शेडनेटखालून आलेलं झाड पश्चिमेच्या गॅलरीत ठेवणं. आधी पूर्वेकडच्या खिडकीजवळ, किंवा खिडकीपासून चार-पाच फुटांवर ठेवा. जागा एकदा ठरवली की रोज हलवू नका.

टाळा: पान गळालं म्हणून घाबरून कुंडी बदलणं. रबर प्लांट, फायकस, अरेका ही झाडं उजेड बदलला की पहिल्या काही आठवड्यांत काही पानं टाकतात किंवा त्यांची टोकं तपकिरी करतात. हा उजेडाचा परिणाम आहे, कुंडीचा नाही. कुंडी बदलल्यावर काय होतं ते बघा. झाड पाणी ओढतं ते मुळांच्या टोकाजवळच्या अतिशय बारीक केसांमधून. झाड एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवताना हे केस तुटतातच, हात कितीही हलका असू द्या. ते परत फुटेपर्यंत पानं पाणी उडवत राहतात आणि खालून पुरवठा कमी होतो. म्हणजे आधीच नव्या उजेडाशी जुळवून घेत असलेल्या झाडावर आपण दुसरं संकट लादतो, आणि मग गळणारी पानं मोजत बसतो.

महिन्यांचा हिशेब

टाळा: मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ ला तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा नंतर हवामान खात्याने केला. पण स्लॅबवर उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला सेन्सर बिघडण्याची गरज नसते. काळी भिंत ऊन शोषते आणि आतली माती हवेपेक्षा जास्त तापते. बाहेरच्या बाजूची मुळं भाजतात, आणि नव्या कुंडीत पहिली मुळं फुटतात ती नेमकी बाहेरच्या बाजूला. नवतपा सुरू असताना, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, झाडाला पाणी आणि सावली सोडून काहीही देऊ नका.

करा: पाऊस लागल्यावर. मृग जूनच्या ७-८ तारखेला लागतो आणि पहिली सर आली की सगळी कॉलनी खुरपं घेऊन गच्चीवर चढते. थोडं थांबा. पहिल्या सरीनंतर पुन्हा आठ-दहा दिवस ऊन तापतं, हवेतला दमटपणा टिकत नाही. आपल्याकडे पाऊस स्थिरावतो तो जूनच्या उत्तरार्धात. तिथून पोळ्यापर्यंत, श्रावण अमावास्येपर्यंत, घरातल्या झाडांची कुंडी बदलायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. आभाळ भरलेलं, हवा दमट, पानांतून पाणी कमी उडतं, मुळं झपाट्याने वाढतात. चुकून मुळं दुखावली तरी झाड सावरतं. मारबती निघून गेल्यावरही महिनाभर चालेल, पण ऑक्टोबरचं ऊन तापतं तेव्हा पाण्यावर लक्ष ठेवा.

करा: दुसरी संधी फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. थंडी सरलेली असते, नवी पालवी निघायला लागते आणि उन्हाळ्याआधी मुळांना महिनाभर मिळतो. होळी मार्चच्या शेवटी आली तर तिची वाट बघू नका, ऊन पंचांग बघून येत नाही.

टाळा: डिसेंबर आणि जानेवारी. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. दरवर्षी एवढं होत नाही, पण आठ-दहा अंशांची रात्र नेहमीची आहे. उष्ण प्रदेशातली ही झाडं त्या काळात वाढत नाहीत. वाढ नाही म्हणजे पाण्याची ओढ नाही, आणि नव्या कुंडीतली जास्तीची ओली माती दिवसेंदिवस तशीच राहते. मुळं कुजतात ती थंडीत, त्याचा पत्ता लागतो फेब्रुवारीत.

दिवाळीला भेट म्हणून आलेली झाडं या हिशेबात मध्येच पडतात. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असेल आणि मुळं खरंच दाटलेली असतील तर पंधरा-वीस दिवसांनी कुंडी बदला. दिवाळी नोव्हेंबरात आली तर सरळ फेब्रुवारीपर्यंत थांबा.

मुळं बघा

आपल्याकडे विकायला येणारी शोभेची झाडं बरेचदा लांबून येतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचं कडियम हे नर्सऱ्यांचं मोठं गाव, तसाच पुण्याजवळचा उरुळी कांचनचा पट्टा. ट्रकमधून आलेलं झाड रिंग रोडवरच्या नर्सरीत किंवा हातगाडीवर उभं राहतं तेव्हा त्याच्या पिशवीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही. तुम्ही बघू शकता.

करा: पाणी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी, माती ओलसर असताना, कुंडी आडवी धरा, बाजूंनी हलकेच दाबा आणि झाड गोळ्यासकट सरकवून बाहेर घ्या. बघा आणि तसंच परत ठेवा. याने झाडाला काही होत नाही. मुळं पांढरी किंवा फिकट, टणक असतील आणि मध्ये मध्ये माती दिसत असेल तर कुंडी पुरेशी आहे. पुढच्या हंगामापर्यंत विसरा. मातीपेक्षा मुळंच जास्त दिसत असतील, तळाशी ती गोल गोल फिरून जाळी झाली असेल, तर पहिल्या योग्य महिन्यात कुंडी बदला. मुळं तपकिरी, मऊ असतील, बोटाने ओढल्यावर वरची साल निघून आत दोरा उरत असेल आणि नाल्यासारखा वास येत असेल, तर महिना बघू नका.

करा: बोट मातीत दोन पेरं घाला. वर भुसभुशीत कोकोपीट आणि आत लाल, चिकट, विटेसारखा घट्ट गोळा लागला तर झाड लाल मातीत वाढवून वरून सजवलेलं आहे. हा प्रकार फसवा असतो. घातलेलं पाणी कोकोपीटमधून कडेने खाली उतरतं, ताटलीत दिसतं, आपण समाधानी होतो, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. उलटही होतं. गोळा एकदा पूर्ण भिजला की आठवडा-आठवडा सुकत नाही. अशा झाडाला योग्य हंगामात नवी माती हवीच. तोवर आठवड्यातून एकदा बघा, गोळा कोरडा असेल तर कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि पूर्ण निथळू द्या.

टाळा: देठ धरून झाड उपसणं. निघत नसेल तर पिशवी कापा. पिशवी दोन-चार रुपयांची असते.

महिना न बघता बदलायची वेळ

कुजलेली मुळं सांगितली. मुळांवर पांढरी बुकटी आणि मातीत चालणारे बारीक पांढरे किडे दिसले, म्हणजे मुळांवरचा पिठ्या ढेकूण, तर सगळी माती झटकून, मुळं धुऊन नव्या मातीत लावा. भोक नसलेल्या भांड्यात चिखल झाला असेल, कुंडी तडकली असेल, किंवा झाड इतकं दाटलं असेल की सकाळी घातलेलं पाणी मिनिटभरात खालून निघतं आणि संध्याकाळी पानं लोंबतात, तेव्हाही थांबण्यात अर्थ नाही.

करा: हे मे महिन्यात करावं लागलं तर सूर्य मावळल्यावर करा. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने पांढऱ्या भागापर्यंत कापा. जेवढी मुळं गेली त्या मानाने पानंही कमी करा. कुंडी मोठी घेऊ नका. मुळं कमी झाली असतील तर पहिल्यापेक्षा लहान कुंडी घ्या. पुढचे पंधरा दिवस झाड आतल्या खोलीत, कूलरच्या गारव्यात, पण त्याच्या झोतात नाही. कूलरमुळे खोलीतला दमटपणा वाढतो, त्याचा फायदा होतो. थेट झोत मात्र पानं सुकवतो.

करा: झाड निरोगी आहे, फक्त एप्रिलमध्ये दाटलेलं आहे, अशा वेळी एक मधला मार्ग आहे. नर्सरीची कुंडी आहे तशीच एका मोठ्या, भोक असलेल्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत ओली रेती भरा. रेतीवर रोज पाणी शिंपडा. मुळांना हात लागत नाही, आतली कुंडी थंड राहते, आणि मोठी कुंडी आणल्याचं समाधानही मिळतं. पाऊस लागला की नीट लावा.

कुंडी

“काकू, मोठी कुंडी घेऊन घ्या ना, नेहमी नेहमी बदलाची कटकट नाही,” असं विकणारा प्रेमाने सांगतो. त्याचं ऐकू नका.

करा: नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त एक ते दोन इंच रुंद घ्या. चार इंचीतून सहा इंची, सहा इंचीतून आठ इंची.

टाळा: सहा इंचीतून थेट दहा किंवा बारा इंचीत जाणं. सहाची दहा केली की कुंडीत साधारण साडेचार पट माती मावते. मुळं मधल्या लहानशा भागात आणि भोवती एवढी ओली माती, जी प्यायला कुणी नाही. हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात. प्रताप नगरातल्या कुठल्याही गॅलरीत मोठ्या देखण्या कुंडीत मलूल पडलेलं झीझी बघा, बहुतेक वेळा कारण हेच निघेल.

टाळा: भोक नसलेली कुंडी. चिनी मातीची पांढरी कुंडी आवडली तर तिचा बाहेरचा देखावा म्हणून उपयोग करा. झाड भोकाच्या प्लास्टिक कुंडीत, ती कुंडी आत. पाणी घालायला बाहेर काढा, निथळल्यावर परत ठेवा.

टाळा: तळाशी गिट्टीचा थर. ‘पाणी निघून जावं म्हणून’ हे आपण सगळे करत आलो. प्रत्यक्षात उलट होतं. बारीक माती पाणी धरून ठेवते आणि वरची माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत खालच्या जाड खड्यांत सोडत नाही. म्हणजे कुंडीच्या तळाशी असणारा ओला थर तसाच राहतो, फक्त गिट्टीच्या उंचीएवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवा. तो पाण्यासाठी नाही, माती वाहून जाऊ नये म्हणून.

मातीची कुंडी की प्लास्टिकची? मातीची कुंडी भिंतींतून पाणी उडवते, त्यामुळे गार राहते आणि लवकर सुकते. पाणी जास्त घालायची सवय असेल तर मातीची घ्या. दोन-दोन दिवस घराबाहेर असाल तर प्लास्टिकची, फिक्या रंगाची.

माती

देशाची माती मोजणारी आणि तिचे नकाशे काढणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आपल्याच गावात, अमरावती रोडवर आहे. गावाखालची माती मात्र कुंडीच्या कामाची नाही. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झालेली ही काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात हातभर भेगा पडतात, नव्या घरांच्या भिंती तडकतात, ते यामुळेच. कुंडीत काय होतं ते मार्चमध्ये बघता येतं. सुकलेला काळा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो, मध्ये करंगळीएवढी फट पडते. त्या फटीतून घातलेलं सगळं पाणी सरळ खाली जातं आणि आकसताना गोळ्याने बारीक मुळं ओढून तोडलेली असतात.

टाळा: शेजारच्या प्लॉटवर पाया खोदताना निघालेली काळी माती फुकट मिळते म्हणून कुंडीत भरणं. घालायचीच तर एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि ढेकळं फोडून.

करा: पानांच्या झाडांसाठी एक भाग बागेची माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि अर्धा ते एक भाग जाड रेती किंवा परलाइट. कन्हानची जाड रेती उत्तम. बांधकामाच्या ढिगातली घेणार असाल तर सिमेंट-चुना मिसळलेला नाही हे बघा आणि चाळून वरची जाड तेवढी घ्या, बारीक पूड नको. परलाइट महाग वाटत असेल तर भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधलं धानाचं तूस, जुनं झालेलं, थोडं मिसळता येतं. झीझी, स्नेक प्लांट यांच्यासाठी रेतीचं प्रमाण निम्म्यापर्यंत वाढवा.

करा: कोकोपीट धुऊन घ्या. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवली की फुगून सात-आठ लिटर होते. ते पाणी पिळून टाका, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि ते पानांच्या टोकांवर तपकिरी होऊन दिसतात.

टाळा: नुसतं कोकोपीट. उन्हाळ्यात एकदा पूर्ण सुकलं की ते पाणी घेतच नाही, पाणी वरून घरंगळतं.

लावताना

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या. गोळा बाहेर काढा, तळाशी गोल फिरलेली मुळं बोटांनी हलकेच मोकळी करा. सगळी माती झाडायची नाही. कीड किंवा कूज नसेल तर बाहेरचा थोडा थर सैल करणं पुरे. गोळ्याच्या मधोमध कागदाची किंवा जाळीची छोटी टोपली लागली तर दचकू नका. रोप लहान असताना त्यात वाढवलेलं असतं. सहज निघाली तर कापून काढा, मुळं आरपार गेली असतील तर एक-दोन चिरा देऊन सोडा.

करा: झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. याबाबत आपल्या संत्रा बागायतदारांचं ऐकावं. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली कलम लावताना डोळ्याची जागा मातीच्या वर राहिलीच पाहिजे, हे काटोल-वरुडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. डोळा मातीत गेला आणि तिथे ओल राहिली की डिंक्या येतो, हे त्याने पाहिलेलं असतं. घरातल्या झाडाला डोळा नसेल, पण खोड मातीत गाडलं की तेही तिथूनच कुजतं.

करा: वर बोटभर जागा सोडा, पाणी साचून मुरायला.

करा: हातमोजे घाला. डायफेनबेकिया, अग्लोनेमा, मनीप्लांट, पीस लिली, सिंगोनियम यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हाताला खाज येते, तोंडात गेलं तर जीभ आणि घसा सुजतो. रांगतं मूल किंवा कुत्रं घरात असेल तर कापलेली पानं जमिनीवर सोडू नका.

टाळा: माती दाबून ठोकणं. पाणी घाला, ती आपोआप बसते.

लावल्यावर

पहिलं पाणी भरपूर, खालून निघेपर्यंत. दुसरं पाणी वरची माती सुकल्यावरच. कुंडी उचलून बघायची सवय लावा. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर नाही. ‘रोज एक पेला’ असा हिशेब झाड मारतो.

टाळा: महिना-दीड महिना खत. तुटलेल्या मुळांना खत झोंबतं, आणि मिश्रणात गांडूळखत आहेच.

टाळा: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालणं. घरोघरी हे होतं, वाया जाऊ नये म्हणून. कूलर पाणी उडवतो, क्षार मागे टाकीत राहतात आणि दिवसेंदिवस घट्ट होत जातात. ताट्यांवर साचणारा पांढरा थर तोच. टाकीतलं पाणी अंगणात टाका, कुंडीत नको.

करा: कुंडीखालची ताटली पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने रिकामी करा, आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस आणि ताटलीभर स्वच्छ पाणी पुरतं. नव्या कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडायला लागली तर माती फार ओली राहते आहे, एवढाच त्याचा अर्थ. वरचा थर सुकू द्या.

काही झाडांचं वेगळं

झीझी आणि स्नेक प्लांट दाटीत खूश असतात. झीझीचे कंद कुंडीची भिंत फुगवायला लागले किंवा स्नेक प्लांटने प्लास्टिक फाडलं, तेव्हा बदला.

पीस लिली, अँथुरियम फुलावर असताना हात लावू नका. आणि ही दोन्ही फुलावर असतानाच विकली जातात.

ऑर्किड, म्हणजे बाजारात दिसतं ते फॅलेनोप्सिस, मातीत कधीच लावायचं नाही. फुलं संपल्यावर मॉस काढून सालीचे तुकडे किंवा कोळसा असलेल्या मिश्रणात.

शेवंती आणि पॉइन्सेटिया हंगामापुरती असतात. फुलं असेपर्यंत आहे त्या कुंडीत राहू द्या.

लकी बांबूला पाण्यातून मातीत न्यायची घाई नको. पाणी आठवड्याला बदललं तरी तो वर्षभर राहतो.

अडेनियमला यातलं अर्धं लागू नाही. त्याला आपलं ऊन आवडतं आणि थंडीत तो झोपतो, म्हणून त्याची कुंडी फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत बदला आणि पावसाळ्यात टाळा. मुळं कापली असतील तर जखमा सुकायला दोन-तीन दिवस उघडा ठेवा. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका, आणि त्याचा चीक विषारी असतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नका.